घरकामासाठी आखातात: पगार, पासपोर्ट आणि हातात उरणारा पैसा

कुवेतला नोकरी केलेल्या माणसाच्या बोलण्यात दोन आकडे हमखास येतात. ‘अठरा नंबर’ म्हणजे कंपनीत, दुकानात, हॉटेलात काम करणाऱ्याचा व्हिसा. ‘वीस नंबर’ म्हणजे कुणाच्या तरी घरात राबणाऱ्यांचा: स्वयंपाक करणारी, मुलं सांभाळणारी, म्हाताऱ्यांची सेवा करणारी, घरचा ड्रायव्हर. हे आकडे तिथल्या निवासविषयक कायद्यातल्या कलमांवरून पडले आहेत. अठरा नंबरवाल्याला कुवेतचा 2010चा कामगार कायदा लागू होतो. वीस नंबरवालीला त्या कायद्यातून सरळ वगळलेलं आहे. तिच्यासाठी 2015 साली वेगळा कायदा झाला आणि 2016मध्ये तिचं किमान वेतन ठरलं 60 दिनार, म्हणजे साधारण 17 हजार रुपये. पुढच्याच वर्षी कंपन्यांमधल्या कामगारांसाठी हा आकडा 75 दिनार झाला. देश एक, मालक त्याच समाजातले, पण घराच्या उंबऱ्याच्या आत गेलं की कामाची किंमत कमी.

आखातात घरकामाला जाणाऱ्या बायकांबद्दल आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, बाई कमावती झाली, घर बांधलं, मुलींना शिकवलं, आता तिचा शब्द घरात चालतो. दुसरा म्हणतो, तिथे निव्वळ गुलामी आहे, बायकांना पाठवूच नका. दोन्ही बाजूंना खरी उदाहरणं सापडतात, त्यामुळे वाद मिटत नाही. माझ्या मते ‘ती सक्षम झाली का’ या प्रश्नाचं उत्तर पगाराच्या आकड्यात शोधण्यात फारसा अर्थ नाही. दोन गोष्टी बघाव्यात. काम सोडायचं ठरवलं तर तिला ते सोडता येतं का? आणि तिने कमावलेला पैसा शेवटी कुणाच्या नावावर पडतो?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2021च्या अहवालानुसार जगात सुमारे 7 कोटी 56 लाख घरकामगार आहेत आणि त्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त महिला आहेत. त्याआधीच्या, 2015च्या अंदाजाप्रमाणे, सुमारे 1 कोटी 15 लाख घरकामगार परक्या देशात काम करत होते. आपल्याकडून आखातात जाणाऱ्या बायका केरळ, तमिळनाडू, तेलंगणा आणि आंध्रातल्या कडप्पा व गोदावरी जिल्ह्यांतून मोठ्या संख्येने जातात. गोव्यातल्या बायका कुवेतला जात आल्या त्याला कित्येक दशकं झाली. 1990च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतचा ताबा घेतल्यावर अम्मानमार्गे विमानांनी परत आणलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांत गोवेकर कुटुंबं होती, घरकाम करणाऱ्या बायकाही होत्या. आणि मुंबई तर आखाती भरतीच्या एजंटांचं जुनं शहर.

कफील म्हणजे काय

आखाती देशांत परदेशी कामगाराचं तिथलं राहणं एका स्थानिक माणसाच्या किंवा कंपनीच्या जबाबदारीवर असतं. त्या जबाबदार माणसाला कफील म्हणतात आणि या पद्धतीला कफाला. बाईचा व्हिसा कफील काढतो, तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तोच नूतनीकरण करतो. त्याने नूतनीकरण केलं नाही तर बेकायदा ठरते ती. बहुतेक ठिकाणी त्याच्या संमतीशिवाय तिला दुसरीकडे काम धरता येत नाही.

आता हे कारखान्यातल्या कामगाराला लागू करून बघा. त्याचा मालक वाईट निघाला तरी संध्याकाळी तो खोलीवर येतो. तिथे चार गाववाले असतात, मोबाइल असतो, शुक्रवारी सुट्टी असते. घरकामाच्या बाईचं काम जिथे, झोपणं तिथेच. तिचा मालक, घरमालक आणि परवान्याचा धनी एकच. भांडण झालं तर ती जाणार कुठे? घराबाहेर पडली तर कफील पोलिसांत ती पळून गेल्याची तक्रार देतो. सौदीत याला ‘हुरूब’ म्हणतात. तशी नोंद झाली की तिचा इकामा निकामी होतो, आणि पगार थकला म्हणून बाहेर पडलेली बाई कागदावर गुन्हेगार होते. पकडली तर कोठडी आणि मग परतीचं विमान. थकलेला पगार तसाच राहतो.

कायदे झालेले आहेत, हेही सांगायला हवं. कुवेतच्या 2015च्या कायद्यात दिवसाला 12 तासांहून जास्त काम नको, आठवड्याला एक सुट्टी, वर्षाची भरपगारी रजा, काम संपताना दर वर्षामागे एक महिन्याचा पगार अशा तरतुदी आहेत. तिच्या संमतीशिवाय पासपोर्ट ठेवून घ्यायला बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीने 2017मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, 2022मध्ये तो बदलून नवा आणला. कतारने 2020मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली आणि मार्च 2021पासून 1000 रियालचं किमान वेतन घरकामगारांनाही लागू केलं. उलट सौदी अरेबियाने त्याच महिन्यात नोकरी बदलण्याची मुभा देणारी सुधारणा आणली, पण घरकामगारांना बाहेर ठेवलं.

अडचण अंमलबजावणीत आहे. कारखान्यात निरीक्षक जाऊ शकतो, खासगी घराच्या दारात तो थांबतो. बाई 16 तास राबली हे सिद्ध कोण करणार? साक्षीदार म्हणजे मालकाचंच कुटुंब. पासपोर्ट ‘संमतीने’ ठेवला असं लिहून घेणं तर अगदी सोपं; परक्या घरात पहिल्याच दिवशी मॅडमने मागितल्यावर नाही कोण म्हणेल?

कफाला ही फक्त अरब देशांची खोड आहे असंही समजू नये. ब्रिटनने एप्रिल 2012मध्ये परदेशी घरकामगारांचा व्हिसा सहा महिन्यांचा केला आणि एकाच मालकाशी बांधला. 2016मध्ये मालक बदलायची परवानगी दिली, पण मुदत वाढवून देत नाहीत, त्यामुळे उरलेल्या दोन-तीन महिन्यांसाठी नवं काम देणार कोण हा प्रश्न राहतोच.

याच्या शेजारी गोव्याचं दुसरं चित्र ठेवलं की कागदाची ताकद कळते. 19 डिसेंबर 1961पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगालचं नागरिकत्व नोंदवता येतं. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्याने त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर इंग्लंडात, विशेषतः साउथहॉल आणि स्विंडनकडे गेले. ब्रेक्झिटनंतर 2020अखेर नव्यांसाठी तो रस्ता बंद झाला. तिथे गेलेल्या कित्येक बायकांनी साफसफाईचं, वृद्धांची काळजी घेण्याचं काम धरलं. काम जवळपास तेच. पण एका ठिकाणी जमलं नाही तर सोमवारी दुसरीकडे जायचं, स्वतःची खोली घ्यायची, मुलांना बोलावून घ्यायचं, हे सगळं त्या पासपोर्टात होतं. त्याच गावातली, तेवढीच शिकलेली बाई कुवेतला वीस नंबरवर गेली तर तिच्याकडे यातलं काहीच नसतं. बाईच्या हुशारीत, कष्टात किंवा धीरात फरक नाही, तिच्या हातातल्या कागदात फरक आहे.

पहिलं वर्ष कर्जाचं

पैशाचा हिशोब नीट मांडून बघू, कारण इथेच बहुतेक स्वप्नं अडकतात. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, पगार भारतीय चलनात 25 हजार. राहणं-जेवण मालकाकडे, म्हणून ती 22 हजार घरी पाठवते. घरखर्चाला 10 हजार लागतात, हातात राहतात 12 हजार. जाताना एजंटला द्यायला आणि इतर खर्चाला 1 लाख रुपये सावकाराकडून घेतले, महिना 3 टक्क्यांनी. दरमहा 12 हजार फेडत गेलं तर हे कर्ज फिटायला जवळजवळ 10 महिने लागतात. करार दोन वर्षांचा असतो. म्हणजे उरलेल्या 14 महिन्यांत ती 1 लाख 68 हजारांच्या आसपास मागे टाकू शकते. दोन वर्षं मुलांपासून लांब राहून एवढे. कमी वाटले, तरी गावात राहून तिला एवढे कधीच साठवता आले नसते.

आता यात एकच बदल करा. पहिले तीन महिने पगार मिळालाच नाही. ‘एजंटला दिलेले पैसे वळते करून घेतोय’ असं मालकाने सांगितलं, जे सर्रास होतं. इकडे घरखर्च थांबत नाही, तो उसनवारीवर चालतो, त्याच व्याजाने. तिसऱ्या महिन्याअखेर कर्ज 1 लाख 40 हजारांवर गेलेलं असतं. ते फेडून मोकळं व्हायला अठरावा महिना उजाडतो. हातात राहतात जेमतेम 75 हजार. पगारात कपात झाली ती फक्त तीन महिन्यांची, पण दोन वर्षांच्या बचतीतली निम्म्याहून जास्त गेली.

आणि या अठरा महिन्यांत तिला घरी परत यायचं असेल तरी येता येत नाही. मालकाने मारलं, उपाशी ठेवलं, तरी ती सहन करत राहते, कारण गावात सावकार दारात बसलेला आहे. बाहेरच्यांना वाटतं की पासपोर्टने बांधून ठेवलंय. खरं तर पासपोर्टाइतकंच घट्ट बांधलेलं असतं या कर्जाने. म्हणून भरतीचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न मला पगाराच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. भारतीय नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. प्रत्यक्षात गावातला उपएजंट, शहरातला एजंट आणि तिकडचा मक्तब, म्हणजे भरती कार्यालय, या साखळीत प्रत्येकजण आपला हिस्सा काढतो, आणि पावती कुणीच देत नाही.

संरक्षण म्हणून घातलेली कुलपं

बायकांवर अत्याचाराच्या बातम्या आल्या की सरकारं सर्वात आधी त्यांच्या जाण्यावर बंधनं आणतात. भारतात दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे जाण्याआधी तपासणी आवश्यक, असा शेरा असतो. 1983च्या उत्प्रवास कायद्याखाली त्यांना आखातासह 18 देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. त्यातही घरकामासाठी बाईचं वय किमान 30 हवं. 2016पासून तिला खासगी एजंटामार्फत जाता येत नाही. केरळची नॉर्का रूट्स आणि ओडेपेक, तमिळनाडूचं ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन, तेलंगणाची टॉमकॉम अशा सरकारी संस्थांमार्फतच जावं लागतं.

हेतू चांगला. पण 26 वर्षांची, नवऱ्याने टाकलेली, दोन मुलांची आई चार वर्षं थांबत नाही. एजंट तिला दुबईचा किंवा ओमानचा व्हिजिट व्हिसा काढून देतो. ‘पर्यटक’ म्हणून ती विमानात बसते, तिकडे तिची घरकामगार होते, कधी तिथून दुसऱ्याच देशात नेली जाते. तिचं नाव सरकारी नोंदीत नाही, करार नाही, विमा नाही. नियमाने ज्या बाईला वाचवायचं होतं, नेमकी तीच सगळ्या नियमांच्या बाहेर पडते. नेपाळने आखातात घरकामाला जाण्यावर बंदी घातली, तर तिथल्या बायका दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवरून जाऊ लागल्या.

श्रीलंकेची गोष्ट तर विचारात टाकणारी आहे. तिथली रिझाना नफीक ही तरुणी घरकामासाठी सौदीला गेली होती. तिच्या ताब्यातल्या बाळाच्या मृत्यूप्रकरणी तिला जानेवारी 2013मध्ये मृत्युदंड दिला गेला. गुन्हा घडला असं म्हणतात तेव्हा ती 17 वर्षांची होती. पासपोर्टवर वय वाढवून लिहिलं होतं. देश हादरला. त्याच वर्षी सरकारने बायकांसाठी ‘कौटुंबिक पार्श्वभूमी अहवाल’ सक्तीचा केला आणि पाच वर्षांखालचं मूल असलेल्या आईला जाता येणार नाही असं ठरवलं. वडिलांना असला अहवाल कुणी मागितला नाही. पुढे 2022मध्ये श्रीलंकेची परकीय गंगाजळी आटली, आणि तेव्हा बायकांना जाण्यासाठी लागणारं किमान वय 21वर आणलं गेलं. आईने मुलांजवळ राहायचं की डॉलर पाठवायचे हे सरकारच्या तिजोरीकडे बघून ठरत असेल, तर त्याला बाईचं संरक्षण म्हणणं मला जड जातं.

फिलिपिन्सने वेगळी वाट धरली. 2006च्या अखेरीस त्यांनी ठरवलं की परदेशी घरकामाला जाणाऱ्या बाईचं वेतन किमान 400 डॉलर हवं, आधीच्या दुप्पट, आणि तिच्याकडून भरतीचं शुल्क घ्यायचं नाही. एजंटांनी प्रशिक्षणाच्या नावाखाली पैसे उकळायच्या वाटा काढल्याच. तरीही आखातात आज फिलिपिनो बाईचा पगार भारतीय किंवा इथिओपियन बाईपेक्षा जास्त असतो, आणि त्यामागे तिचं इंग्रजी जेवढं आहे तेवढंच तिच्या सरकारचं वाटाघाटीचं बळ आहे. 2018च्या सुरुवातीला कुवेतमध्ये एका फिलिपिनो घरकामगाराचा मृतदेह फ्रीजरमध्ये सापडला. मनिलाने पाठवणी थांबवली. त्याच वर्षी मे महिन्यात दोन्ही देशांत करार झाला: पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही, फोन तिच्याकडे राहील, आठवड्याची सुट्टी मिळेल. फोन जवळ असणं हे दोन देशांच्या करारात लिहून घ्यावं लागलं! भारतानेही सौदीशी 2014मध्ये आणि कुवेतशी जून 2021मध्ये घरकामगारांबाबत करार केले आहेत.

हाँगकाँगबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. तिथे साडेतीन लाखांहून जास्त परदेशी घरकामगार आहेत, बहुतेक फिलिपिनो आणि इंडोनेशियन. नियम कडकच आहेत: मालकाच्याच घरात राहायचं, काम सुटलं तर दोन आठवड्यांत देश सोडायचा. पण आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी कायद्याने मिळते. रविवारी सेंट्रल भागात पुलांवर, रस्त्यांवर, चौकांत पुठ्ठे अंथरून हजारो बायका बसतात. जेवतात, नखं रंगवतात, गावाकडे व्हिडिओ कॉल लावतात, आणि तिथेच कुणाचा पगार थकला, कुणाला मारहाण झाली ही माहिती फिरते. तिथेच कामगार संघटना सभासद नोंदवतात. 2014मध्ये एर्वियाना सुलिस्त्यानिंगसिह या इंडोनेशियन तरुणीवरचे अत्याचार उघड झाले, बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या, आणि पुढच्या वर्षी तिच्या मालकिणीला सहा वर्षांची शिक्षा झाली. हे बळ त्या रविवारांनी दिलं. आखातात घरात कोंडलेल्या बाईला शेजारच्या घरातली बाई भेटतच नाही, मग संघटना कुठून होणार?

आपल्याला हे नवं नाही. 1980मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात 2008मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यामागे अशा संघटनांची वर्षानुवर्षांची धडपड होती. मात्र घरकामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीचे हक्क देणाऱ्या, 2011मध्ये जिनिव्हात संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाजूने भारताने मत दिलं, पण तो अजून स्वीकारलेला नाही. आपल्याच घरात येणाऱ्या ताईंना आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळत नसेल, तर कुवेतकडे आपल्या बायकांसाठी ती मागताना आपला आवाज बारीकच निघणार.

पैसा घरी पोचल्यावर

आई परदेशी गेली की तिची मुलं आजीकडे किंवा मावशीकडे जातात, आणि फार वेळा थोरल्या मुलीची शाळा सुटते. कुवेतमधल्या बाईला नोकरीवर जाता यावं म्हणून आंध्रातली बाई तिची मुलं सांभाळते, आणि तिची मुलं सांभाळायला गावातली दहा-बारा वर्षांची पोर राबते. या साखळीत प्रत्येक कडीला पगार कमी होत जातो, शेवटच्या कडीला काहीच मिळत नाही. नवऱ्याने घरकाम हातात घेतल्याची उदाहरणं आहेत, पण कमी.

पैसा बहुतेकदा नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यावर येतो. जमीन त्याच्या नावावर घेतली जाते, घर त्याच्या वडिलांच्या जागेवर उभं राहतं. सात-आठ वर्षांनी ती परत येते तेव्हा पक्कं घर दिसतं, पण सातबारावर, घरपट्टीच्या पावतीवर तिचं नाव नसतं. खात्यात काही नाही. तिकडे काम केलेल्या वर्षांचं पेन्शन नाही. सरकारने 2012मध्ये ईसीआर कामगारांसाठी महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना काढली होती, पेन्शन आणि परतल्यावर पुनर्वसनासाठी, महिलांसाठी सरकारचा हिस्सा जास्त ठेवून. सभासदच मिळेनात म्हणून 2017मध्ये ती बंद केली. दोन-तीन वर्षांत साठलेलं संपतं आणि ती पुन्हा एजंटकडे जाते, या वेळी पन्नाशीला टेकलेल्या शरीरानिशी.

याच्या उलटही घडतं. विधवा, परित्यक्ता, दारुड्या नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायका, ज्यांचा पैसा मधे कुणी घेत नाही, त्यांच्या बाबतीत बदल जास्त ठळक दिसतो. त्यांनी स्वतःच्या नावावर घर घेतलेलं असतं, मुलीचं शिक्षण आणि लग्न स्वतः ठरवलेलं असतं. माहेरी त्यांना विचारल्याशिवाय निर्णय होत नाहीत.

म्हणून जाणाऱ्या बाईला काही गोष्टी आधीच सांगायला हव्यात. तिच्या एकटीच्या नावाचं एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं बँक खातं, उघडता येतं. घरखर्चापुरती ठरावीक रक्कम घरच्यांच्या खात्यात टाकावी, बाकी आपल्या खात्यात ठेवावी. जागा घेतली तर सातबारावर किंवा खरेदीखतावर आपलं नाव आहे का हे स्वतः बघावं. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कळतं. व्हिजिट व्हिसावर ‘तिकडे गेल्यावर बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात पासपोर्ट देऊ नये. करार, व्हिसा आणि पासपोर्टचे फोटो घरातल्या विश्वासू माणसाच्या फोनमध्ये ठेवावेत. ईसीआरवाल्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे: दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375, संरक्षण 10 लाखांचं. आणि तिकडे फोन काढून घेतला, आवाज बंद झाला, तर घरच्यांनी वाट बघत बसू नये. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तिच्या वतीने त्यांनाही तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पासपोर्ट क्रमांक, मालकाचं नाव आणि शहर एवढं तरी घरात लिहून ठेवलेलं हवं.